भूकंपानंतर मदतीला जाणाऱ्या नर्ससाठी: निघण्यापासून परत येईपर्यंत

भूकंपाची बातमी आली की हॉस्पिटलांच्या आणि नर्सिंग कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो तो ‘आम्ही येऊ का?’ तळमळ खरी असते, पण डोळ्यांसमोरचं चित्र बहुधा टीव्हीवरचं असतं: ढिगारा, खाली अडकलेलं मूल आणि शेजारी सलाईनची बाटली धरून बसलेली सिस्टर. प्रत्यक्षात जिवंत निघणारी बहुतेक माणसं पहिल्या चोवीस तासांत निघतात आणि त्यांना बाहेर काढतात शेजारीपाजारी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला, तेव्हाही पहारी आणि टिकाव घेऊन आधी धावले ते वाचलेले गावकरीच. तुम्ही पोचाल दुसऱ्या, चौथ्या किंवा दहाव्या दिवशी. तेव्हा काम असतं ड्रेसिंगचं, लघवी मोजण्याचं, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आणि बीपीची गोळी ढिगाऱ्यात राहिलेल्या आजोबांचं. हे काम करायची तयारी असेल तर पुढचं वाचा.

एकटं निघू नका

हा पहिला नियम आणि याला अपवाद नाही. स्वतःच्या खर्चाने, चार मैत्रिणी जमवून, गाडी करून गेलेली नर्स तिथे पोचल्यावर आणखी एक तहानलेलं, झोपायला जागा शोधणारं माणूस ठरते. पाणी, संडास, अंथरूण हे सगळं तिथल्या लोकांनाच पुरत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत म्हणूनच आपत्कालीन वैद्यकीय पथक स्वयंपूर्ण असण्यावर इतका भर आहे. नुसती ओपीडी चालवणाऱ्या छोट्या पथकानेसुद्धा निदान दोन आठवडे स्वतःच्या जिवावर टिकावं अशी अपेक्षा असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा भारतीय लष्कराच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलने इस्केंदेरून शहरात तंबू आणि शाळेची इमारत वापरून दवाखाना उभा केला आणि दोन आठवड्यांच्या आत सुमारे ३,६०० रुग्ण तपासले. ते जमलं, कारण एक्स-रे यंत्रापासून जनरेटरपर्यंत सगळं त्यांनी सोबत नेलं होतं.

मग जायचं कुणाबरोबर? सरकारी सेवेत असाल तर आरोग्य विभागाच्या पथकातून, वरिष्ठांच्या लेखी आदेशाने. खासगीत असाल तर इंडियन रेडक्रॉसची राज्य शाखा, तुमच्या हॉस्पिटलचंच पथक, किंवा आपत्तीत काम केल्याचा अनुभव असलेली वैद्यकीय संस्था. संस्थेला तीन गोष्टी विचारा: जिल्हा प्रशासनाची परवानगी आहे का, मुक्काम आणि पाण्याची सोय कोण करणार, आणि मी आजारी पडले तर मला परत कोण आणणार. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर दुसरी संस्था बघा.

नाव मात्र आपत्ती यायच्या आधीच नोंदवलेलं बरं. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात ‘आपदा मित्र’ या आपत्ती-स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. बातमी आल्यानंतर फोन करणाऱ्यांची रांग मोठी असते. आधी प्रशिक्षण घेतलेल्याला त्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

आता थोडं कडू. नुकतंच जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांनी पहिल्या फळीत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॅज्युअल्टी, अस्थिरोग, अतिदक्षता, ओटी किंवा लेबर रूम यांपैकी कुठेतरी दोन वर्षं काढलेली हवीत. नव्यांसाठी कामं आहेत, तीही मोलाची. भूकंपाचे जखमी जवळच्या मोठ्या शहरांत येतात. किल्लारीचे लातूर-सोलापूरच्या रुग्णालयांत आले. तिथल्या वॉर्डात एकेका सिस्टरवर चौपट खाटा पडतात. शिवाय तुमच्या वॉर्डातली अनुभवी सिस्टर पथकातून गेली असेल तर तिची नाइट कुणीतरी करायला हवीच.

कागद आणि पिशवी

महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र नूतनीकरण झालेलं आहे ना, हे बघा. त्याची प्रत, आधार कार्ड, हॉस्पिटलचं ओळखपत्र, रजेचा किंवा प्रतिनियुक्तीचा लेखी आदेश हे सगळं प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि फोटो काढून घरच्यांना पाठवा. रक्तगट आणि घरचा नंबर ओळखपत्राच्या मागे लिहा. परदेशात जायचं असेल तर तुमची इथली नोंदणी तिथे आपोआप चालत नाही. तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी पथकामार्फत काढावी लागते.

लशी: धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी पूर्ण हव्यात. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडच्या घेतलेल्या असतील तर उत्तम.

पिशवीबद्दल लोक फार विचारतात, म्हणून माझी यादी सांगते. जाड तळव्याचे बंद बूट सगळ्यांत आधी, कारण ढिगाऱ्यात खिळे आणि काचा असतात आणि जायबंदी झालेली नर्स पथकाला ओझं होते. डोक्याला बांधायचा टॉर्च, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. एन-९५ मास्क भरपूर. पडलेल्या घरांची धूळ दिवसेंदिवस हवेत असते. खिसे असलेले सुती कपडे, रेनकोट, चादर, पॉवर बँक, सॅनिटरी पॅड, स्वतःची औषधं ठरलेल्या मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीची. कामासाठी स्टेथोस्कोप, पंपाचं काटेवालं बीपी यंत्र (बॅटरीवरचं दुसऱ्या दिवशी मान टाकतं), पल्स ऑक्सिमीटर, जाड कापड कापणारी कात्री, काळे परमनंट मार्कर पाच-सहा, आणि लांब वही. खायला दशम्या, शेंगदाणे-गूळ, चिवडा. तिथल्या सामूहिक स्वयंपाकघरातून जेवण मिळेल, पण पहिले दोन-तीन दिवस त्यावर विसंबू नका.

काय नेऊ नये, तेही सांगते. सोसायटीत गोळा केलेली अर्धवट स्ट्रिप्सची खोकी अजिबात नको. मुदत संपत आलेली, नाव फाटलेली औषधं निवडायला तिथे माणसं नसतात. शेवटी ती पुरावी किंवा जाळावी लागतात, आणि तेही कुणाच्या तरी डोक्याला काम होतं.

पोचल्यावर

आधी आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा नियंत्रण कक्षात जाऊन पथकाची नोंद करा. काम तिथून वाटून मिळतं. रस्त्याकडेच्या गावात पाच पथकं आणि आतल्या वाडीत एकही नाही, हे नोंद न करता मनाने तंबू टाकल्यामुळे होतं. मग त्या भागातल्या आशाताई आणि एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) यांना शोधा. कुठल्या घरात गरोदर बाई होती, कुणाचा टीबीचा कोर्स चालू होता, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांचं स्वतःचं घरही पडलेलं असू शकतं, हे लक्षात ठेवून बोला.

तडे गेलेल्या इमारतीत शिरू नका, मग ते प्राथमिक आरोग्य केंद्र असो आणि आत कपाटभर औषधं असोत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजचं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलं आणि जखमींवर उघड्यावर उपचार करावे लागले. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या धक्क्यानंतर सतरा दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३ चा धक्का बसला आणि त्यात आणखी दोनशेहून अधिक माणसं गेली. लोक घरात परतायला लागतात तेव्हाच असं होतं. झोपायचं मोकळ्या जागेत, भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब.

जखमी एकदम मोठ्या संख्येने आले तर निवड करावी लागते. पद्धत साधी आहे, मन घट्ट करणं अवघड. प्रत्येकाला निकडीप्रमाणे रंगाची पट्टी बांधायची: लाल म्हणजे सगळ्यांत आधी, पिवळा त्यानंतर, हिरवा थांबू शकणारा, काळा म्हणजे गेलेला किंवा वाचवण्यापलीकडचा. जे चालू शकतात त्यांना आवाज देऊन बाजूला बोलवा, ते हिरवे. उरलेल्यांत ज्याचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त लागतात, किंवा ‘हात वर करा’ एवढी सूचनाही पाळता येत नाही, तो लाल. श्वास थांबलेला असेल तर वायुमार्ग मोकळा करून बघा. श्वास सुरू झाला तर लाल, नाहीच आला तर काळा. राहिलेले पिवळे. लहान मुलाचा श्वास नाही पण नाडी लागते, तर पाच श्वास देऊन मग ठरवतात. वॉर्डात आपण ज्याला वाचवायला सगळे धावलो असतो, त्याच्यापुढून इथे उठून जावं लागतं. एकदा बांधलेली पट्टी कायमची नसते. दर फेरीला पुन्हा तपासा, पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही.

चिरडलेला रुग्ण

नव्या नर्सला सगळ्यांत जास्त फसवणारा हा रुग्ण, म्हणून इथे थोडं थांबते.

स्लॅबखाली पाय अडकून चार-सहा तास पडलेला माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. स्लॅब उचलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि थोड्याच वेळात त्याचं हृदय बंद पडलं, असं होऊ शकतं. दबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटलेल्या असतात. दाब निघाला की त्यांतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन (स्नायूंतलं एक प्रथिन) रक्तात उतरतं. पोटॅशियम हृदय थांबवतं. त्यातून माणूस वाचला तर मायोग्लोबिन मूत्रपिंडं बंद पाडतं.

म्हणून सलाईन ढिगारा उचलायच्या आधी सुरू व्हायला हवं. हात मोकळा असेल तर मोठी कॅन्युला (शिरेत घालायची नळी) टाकून नॉर्मल सलाईन, मोठ्या माणसाला सुरुवातीला तासाला साधारण एक लिटर. पुढचा वेग डॉक्टर वय, वजन आणि लघवी बघून ठरवतात. रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं. आणि आता खास आपल्याकडची गोष्ट: सुटका झालेल्या माणसाला प्रेमाने शहाळं पाजणारे, केळं भरवणारे लोक गर्दीत हमखास असतात. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. हात जोडून थांबवा. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं, तेव्हा या रुग्णाला तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

दुखतंय म्हणून हात आपोआप डायक्लोफेनॅकच्या अ‍ॅम्प्यूलकडे जातो. चिरडलेल्या रुग्णात ते टाळा. मूत्रपिंडावर आधीच भार आहे. जेन्टामायसिन, अमिकासिन या मूत्रपिंडाला जड जाणाऱ्या प्रतिजैविकांबद्दलही ऑर्डर लिहिलेली असली तरी एकदा डॉक्टरांना आठवण करून द्या. असं विचारायला संकोच वाटत असेल तर तो घरी ठेवून या.

कॅथेटर टाकला की दर तासाला लघवी मोजा आणि रंग लिहा. कोऱ्या चहासारखी, काळपट तांबडी लघवी म्हणजे मायोग्लोबिन. सलाईन जातंय पण लघवी उतरत नाही, तर बाटल्या लावत बसू नका, ताबडतोब कळवा. तेच पाणी फुफ्फुसात भरेल. ईसीजीची सोय असेल तर टोकदार उंच टी लाटांवर (पोटॅशियम वाढल्याची खूण) नजर ठेवा, हृदय सांभाळणारं कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असू द्या. आणि डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्ण लवकर हलवण्यासाठी मागे लागा. ऑगस्ट १९९९ च्या तुर्कस्तानातल्या मार्मारा भूकंपात मूत्रपिंडाचा त्रास झालेले ६३९ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिस लागलं. योग्य वेळी डायलिसिस मिळालं तर यांतल्या बऱ्याच रुग्णांची मूत्रपिंडं पुन्हा कामाला लागतात, म्हणूनच ही धडपड.

जखमा

दोन-तीन दिवसांची, माती भरलेली जखम शिवायची नाही. घरचे म्हणतील ‘टाके का नाही घालत?’ आतली घाण बंद झाली की पू, गॅस गँगरीन, शेवटी पाय. भरपूर सलाईनने, नसेल तर पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याने धुवा, मेलेली कातडी काढायला सर्जनकडे द्या, उघडी ठेवून ओलसर गॉज लावा. चार-पाच दिवसांनी जखम स्वच्छ दिसली तर मग टाके. इतर पथकांनी आधीच शिवलेल्या जखमाही तुमच्याकडे येतील. लाल, ताणलेली, वास येणारी दिसली तर उघडायला लागते.

धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येक जखमीला विचारा. मे २००६ च्या जावा बेटावरच्या भूकंपानंतर धनुर्वाताच्या रुग्णांची लाटच आली होती. मुलांचं लसीकरण झालेलं असतं, बायकांना गरोदरपणात मिळालेलं असतं. साठीच्या पुढचे शेतकरी बहुतेकदा राहिलेले असतात. घाणेरडी जखम आणि लशीचा पत्ता नाही, अशा वेळी लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. तो साठा थोडा असतो, म्हणून कुणाला द्यायचं याची यादी सकाळीच डॉक्टरांबरोबर करून ठेवा.

केसपेपर हरवतात, वाऱ्याने उडतात, रुग्ण तीन तंबू बदलतो. म्हणून मार्करने ड्रेसिंगवरच तारीख लिहा, कपाळावर किंवा हातावर नाव, गाव, दिलेलं औषध आणि वेळ. रक्त थांबवायला पट्टा आवळला असेल तर त्याची वेळ सगळ्यांत मोठ्या अक्षरात.

आठवड्यानंतरची ओपीडी

इथे काम कंटाळवाणं होतं आणि कॅमेरे निघून जातात. रांगेत असतात बीपी, साखर, फिट्स, दमा. इन्शुलिन आहे पण फ्रिज नाही: ओल्या वाळूत ठेवलेलं मडकं सावलीत, त्यात इन्शुलिन प्लास्टिकच्या पिशवीत. टीबीच्या गोळ्या चुकल्या असतील तर आरोग्य केंद्राला लगेच कळवा.

छावणीत पाणी माणशी रोज निदान १५ लिटर आणि वीस माणसांमागे एक संडास, हे ‘स्फीअर’ या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांतले आकडे आहेत. तेवढं नसेल तर रोजच्या अहवालात लिहा. जुलाबाचे रुग्ण आज किती, काल किती, हा तुमच्या वहीतला आकडा साथीची पहिली सूचना असतो. मृतदेहांमुळे साथ येते ही भीती मात्र खोटी आहे. भूकंपात दगावलेली माणसं जखमांनी गेलेली असतात, आजाराने नव्हे. घाईने सामुदायिक दहन केलं तर ओळख पटायची राहते आणि मागे राहिलेल्या बाईला मृत्यूचा दाखला, नुकसानभरपाई, वारसा यासाठी वर्षानुवर्षं फिरावं लागतं.

साथ मदत करणाऱ्यांकडूनही येते. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला, आणि त्याच ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरच्या मैल्यातून नदीत कॉलरा गेला. हजारो माणसं त्यात दगावली. तेव्हा जुलाब होत असतील तर सांगा, ड्युटीवरून उतरा, आणि पथकाचा संडास कुठे खणलाय हे स्वतः जाऊन बघा.

बाळं आणि बाळंतिणी

ट्रकच्या ट्रक भरून दूध पावडरचे डबे येतात. ते सरसकट वाटू देऊ नका. अशुद्ध पाणी, न उकळलेली बाटली, आणि चार दिवसांत बाळाला जुलाब. ‘धक्क्याने दूध आटलं’ असं आई सांगते, आजी दुजोरा देते. धसक्याने पान्हा फुटायला वेळ लागतो, पण दूध बनायचं थांबत नाही. बाळाला वारंवार छातीशी घेतलं, आईला पाणी, जेवण आणि आडोसा दिला की दूध येतं. हा आडोसा, म्हणजे चार काठ्या आणि दोन साड्या, पहिल्याच दिवशी उभारा. पावडर ज्या बाळाला आईच नाही त्याच्यासाठी जपून ठेवा, आणि ती वाटीचमच्याने पाजा, बाटलीने नाही.

गरोदर बायकांची यादी आशाताईंकडून घ्या, शेवटच्या महिन्यातल्यांना कुठे न्यायचं ते आधी ठरवा. एकटं सापडलेलं मूल ‘मी मामा आहे’ म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती देऊ नका. पोलिसांत नोंद, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन, आणि तोवर मूल तुमच्या नजरेसमोर. ‘आम्ही दत्तक घेतो’ म्हणणारी भली माणसंही येतील; त्यांनाही हेच उत्तर.

बोलताना

‘निदान तुम्ही तरी वाचलात’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ‘देवाची मर्जी’ हेही नको. काय झालं ते सगळं आठवून सांगा, असा आग्रह धरणंही चुकीचं. पूर्वी असं बोलतं करायची पद्धत होती, आता जागतिक आरोग्य संघटना ती सुचवत नाही. शेजारी बसा, पाणी द्या, जे सांगतील ते ऐका, आणि हवं ते मिळण्याची वाट दाखवा: नातेवाइकांची यादी कुठे लावलीय, फोन कुठून करता येईल. झोप नाही, जेवण नाही, मरायची भाषा आहे, तर मानसोपचाराच्या पथकाकडे न्या. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो तुमच्यासाठीही आहे.

परक्या प्रांतात गेलात तर पंधरा-वीस वाक्यं तिथल्या भाषेत लिहून घ्या. नेपाळमध्ये ‘कहाँ दुख्छ?’, गुजरातेत ‘क्यां दुखे छे?’ एवढं विचारता आलं तरी समोरचा बोट ठेवून दाखवतो. रुग्णाचे फोटो काढायचे नाहीत, सेल्फी तर मुळीच नाही. उपचारासाठी जखमेचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा असेल तर विचारून, चेहरा टाळून.

निघताना

मुक्काम दोन आठवड्यांपेक्षा लांबवू नका, आणि बारा तासांची ड्युटी झाली की झोपा. ‘मी दमले नाही’ असं म्हणणाऱ्या सिस्टरच्या हातून डोस चुकतो.

हॅन्डओव्हर शेवटच्या संध्याकाळी नाही, दोन दिवस आधी सुरू करा. कुणाच्या पायात बाहेरून सळ्या बसवल्या आहेत आणि पिनांची जागा कुणी साफ करायची, कुणाचे टाके कधी काढायचे, कुणाला लशीचा दुसरा डोस कधी, कुणाचा पाय कापलाय आणि त्याला कृत्रिम पायासाठी कुठे पाठवायचं, ही यादी नाव-गावासकट दोन प्रतींत लिहा. एक आरोग्य केंद्राला, एक पुढच्या पथकाला. पाठीचा कणा दुखावलेले रुग्ण वेगळे लिहा. घरच्यांना दर दोन तासांनी कूस बदलायला शिकवा आणि त्यांच्याकडून एकदा करून घ्या. उरलेली औषधं मोजून, पावती घेऊन तिथेच द्या.

घरी आल्यावर तीन आठवड्यांत ताप, जुलाब किंवा कावीळ झाली तर डॉक्टरांना कुठून आलात ते आधी सांगा. लागोपाठ दुसऱ्याच दिवशी नाइट लावून घेऊ नका. दोन दिवसांची रजा निघण्यापूर्वीच मंजूर करून ठेवा, कारण परत आल्यावर इनचार्ज सिस्टर ती देईलच असं नाही.